बलात्काराचा कायदा पुस्तकात, पीडिता ठाण्याच्या पायरीवर

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. एका सकाळी माझ्या दारात एक माय आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी होती. पिशवीत मुलीचे कपडे, स्वच्छ धुतलेले, वाळवलेले, नीट घडी घातलेले. ज्याच्या शेतावर मायलेकी मजुरीला जात, त्याच्या मुलाने दोन दिवसांपूर्वी गोठ्यामागे त्या मुलीवर बलात्कार केला होता. मी कपड्यांकडे पाहतच राहिले. माय म्हणाली, "अशे घाण कपडे कोर्टात कसे दाखवू जी ताई? म्हणून रातीच धुतले."

मी तिला रागावले नाही. कारण कपडे धुवू नयेत हे तिला सांगणारे कोणी नव्हते. पण दुसऱ्या गोष्टी सांगणारे मात्र दोन दिवसांत पुष्कळ भेटले होते. पहिल्या दिवशी गावातली पाच माणसे बसली. तीस हजार रुपये घ्या, पोरीचे लग्न व्हायचे आहे, बोभाटा करू नका, असा निरोप आला. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात मायलेकींना सकाळी अकरापासून दिवे लागेपर्यंत बसवून ठेवले. जातीचा दाखला आणा, मग ॲट्रॉसिटीचे बघू, असे सांगितले. मुलीला विचारले, "ओरडली का नाहीस?" मुलगी म्हणाली, पाय हललेच नाहीत, तोंडातून आवाजच निघाला नाही. पुढे रुग्णालयात डॉक्टरांनी लिहिले, अंगावर जखमेच्या खुणा नाहीत.

अंगावर खुणा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे तिची संमती होती. वाचकहो, हे वाक्य आपल्याच विदर्भात एकदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत जाऊन पोहोचले होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या, म्हणजे आपल्या वडसाच्या पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आज गडचिरोलीत आहे. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावाच्या तक्रारीवरून तिला जबाबासाठी आणले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले आणि तिला आत ठेवून घेतले. भाऊ आणि सोबतची माणसे ठाण्याबाहेर वाट पाहत राहिली. तिचे नाव आजही कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात छापले जाते, विद्यार्थी परीक्षेत लिहितात. पीडितेचे नाव उघड करू नये हा कायदा जिच्या प्रकरणानंतर आला, तिचेच नाव खटल्याला चिकटून बसले! मी ते येथे लिहिणार नाही.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले आणि त्या मुलीलाच खोटारडी ठरवले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. धाकामुळे निमूटपणे सोसणे ही संमती नव्हे, असे खंडपीठाने म्हटले आणि दोघांना शिक्षा दिली. सरळ, माणसाला कळणारी गोष्ट. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, एवढ्यावर. ठाण्याच्या दाराला आतून कडी, समोर दोन वर्दीवाले, आणि मजुरी करून जगणारी अनाथ आदिवासी पोर. तिने प्रतिकार कोणाच्या बळावर करावा, हा प्रश्न न्यायमूर्तींना पडला नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यानंतर देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असताना बलात्कार झाला आणि संबंध आल्याचे सिद्ध झाले, तर पीडिता 'माझी संमती नव्हती' म्हणाली की न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे, ही तरतूद तेव्हाची. खटला बंद दाराआड चालवायचा आणि पीडितेचे नाव छापायचे नाही, हेही तेव्हाचे. देशातल्या प्रत्येक जातीधर्माच्या बाईला हे संरक्षण मिळाले ते वडसाच्या एका आदिवासी मुलीमुळे. तिला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही.

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या प्रकरणानंतर न्या. वर्मा समिती बसली आणि २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच कायद्यात लिहिली गेली. तीच आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. (१ जुलै २०२४ पासून झालेल्या गुन्ह्यांना ही संहिता लागते, त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच.) संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीला शब्दांनी, खुणेने किंवा वागण्यातून दिलेला स्वेच्छेचा, निःसंदिग्ध होकार. केवळ तिने अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत आहे. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे पोक्सोही लागतो. आणि बलात्कार म्हणजे फक्त एकाच प्रकारचा संबंध, हीही समजूत आता सोडली पाहिजे. शरीरात बोट, वस्तू किंवा इतर अवयव घालणे, तोंडाने केलेला अत्याचार, हे सगळे २०१३ पासून बलात्कारच आहे. ठाण्यात बसलेला मुन्शी मात्र अजूनही विचारतो, "पूर्ण झालं होतं का?"

कायद्यात भोके नाहीत असे मी म्हणत नाही. अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती नव्या संहितेतही बलात्कार मानलेली नाही. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याकडे जावे लागते. जुने कलम ३७७ गेले आणि प्रौढ पुरुषावर झालेल्या लैंगिक जबरदस्तीला नव्या संहितेत बलात्काराच्या तोडीचे कलमच उरले नाही. तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षे शिक्षा आहे. बाईवरील बलात्काराला किमान दहा वर्षे, तृतीयपंथीयावरील अत्याचाराला फार तर दोन. हा हिशोब कोणी केला कोण जाणे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्या वस्तीतली केस बहुतेक वेळा न्यायालयात हरत नाही. ती पहिल्या तीन-चार दिवसांत, ठाण्याच्या पायरीवर आणि दवाखान्याच्या खोलीत हरलेली असते. न्यायालयात नंतर फक्त तिचे प्रेत येते. म्हणून त्या दिवसांत आपला हक्क काय, हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जे ठाणे जवळ असेल तेथे फिर्याद नोंदवून घ्यावीच लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आता लिहिलेले आहे. बलात्काराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची. मुलगी अपंग किंवा मतिमंद असेल तर तिच्या घरी येऊन लिहायची आणि त्याचे चित्रीकरण करायचे. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती न घेता ठाण्यातून उठू नका. फिर्याद घ्यायला नकार देणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी आहे. हे कलम नुसते तोंडाने उच्चारले तरी टेबलावरचा कागद सरकतो, हा माझा अनुभव आहे. तरीही नकारच मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, पोच घ्या, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

दवाखान्याचे तर विचारूच नका. आधी एफआयआर आणा, मग तपासू, असे कोणत्याही डॉक्टरला म्हणता येत नाही. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे आहेत. नाकारले तर तोही गुन्हा आहे. तपासणी तिच्या संमतीनेच होईल. पोलिसांना खबर मिळाल्यापासून चोवीस तासांत तिला तपासणीसाठी पाठवायचे आणि डॉक्टरांनी सात दिवसांत अहवाल तपास अधिकाऱ्याला द्यायचा. आणि ती 'दोन बोटांची' तपासणी! कौमार्याची परीक्षा घेतल्यासारखी, बाईला दुसऱ्यांदा विवस्त्र करणारी. याविरुद्ध पहिला मोठा आवाज आपल्याच भागातून उठला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये या तपासण्यांच्या दुरवस्थेवर अहवाल लिहिला आणि प्रश्न जनहित याचिकेतून नागपूर खंडपीठापुढे गेला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी पीडितेच्या खाजगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग ठरवली, २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती वगळणारे मार्गदर्शन काढले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की यापुढे ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. तेव्हा डॉक्टरांच्या कागदावर 'संबंधांची सवय' असले काही दिसले तर तिथेच हरकत घ्या. बाईचे पूर्वी कोणाशी काय संबंध होते, हे संमतीच्या प्रश्नात पाहायचेच नाही, असा कायदा आहे.

शक्यतो अंघोळ न करता, कपडे न धुता, ते कागदात गुंडाळून (प्लास्टिकमध्ये नको, ओल धरते) दवाखान्यात जा. चार दिवसांपर्यंत नमुने घेता येतात. पण अंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, आठवडा उलटला असेल, तरीही जा. उशीर झाला म्हणून केस संपत नाही. अब्रूच्या भीतीने घरचे लोक ठाण्यात उशिरा येतात, हे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच गुरमित सिंग खटल्यात मान्य केले आहे. नको असलेला गर्भ राहिला तर २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. पोलिसांसमोरच्या जबाबाशिवाय न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही जबाब होतो, शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यांसमोर. ते नसतील तर दुसऱ्या बाईच्या हजेरीत. त्या वेळी पोलीस खोलीत नसतात. जे ठाण्यात सांगता आले नाही ते तेथे सांगायचे.

आता खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावाने मिळून मारले. मी तेव्हा नुकती वकिली करू लागले होते. त्या मायलेकींच्या देहांची जी अवस्था होती ती पाहिलेल्या माणसांना मी भेटले आहे. परंतु खटल्यात बलात्काराचे कलमच नव्हते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही, असेही म्हटले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले. जातीचा आणि बाईच्या देहाचा, दोन्ही अत्याचार कागदावरून पुसले गेले. उरला तो फक्त खून. भैयालाल २०१७ मध्ये गेले. मोर्चे आपण खूप काढले. पण पहिल्या शवविच्छेदनाच्या वेळी, पहिल्या पंचनाम्याच्या वेळी, आपला जाणता माणूस तेथे उभा नव्हता. हे मी स्वतःला धरून बोलते आहे.

खैरलांजीनंतर कायदा पुष्कळ पुढे आला. पूर्वी 'ती दलित आहे या कारणावरून' गुन्हा केला, हे सिद्ध करावे लागे. आरोपीच्या मनातली जात कोण सिद्ध करणार? २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ती अट गेली. ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला माहीत होते, एवढे पुरे. आणि तो तिला किंवा तिच्या घरच्यांना ओळखत असेल, तर माहीत होते असेच न्यायालय गृहीत धरते. २०२१ च्या पाटन जमाल वली खटल्यात एका अंध दलित मुलीचे दुःख सर्वोच्च न्यायालयाने जात, बाईपण आणि अपंगत्व अशा तिन्ही अंगांनी समजून घेतले, त्यावर पानेच्या पाने लिहिली. तरी गुन्हा दुरुस्तीच्या आधीचा म्हणून ॲट्रॉसिटीखालची शिक्षा टिकली नाही. एका तारखेने केवढा फरक पडतो पाहा.

म्हणून फिर्यादीत जातीचा उल्लेख पहिल्याच दिवशी आला पाहिजे. मी अमुक जातीची, तो अमुक, तो मला इतक्या वर्षांपासून ओळखतो. आपल्यापैकी ज्यांनी धम्मदीक्षा घेतली आहे त्यांनाही हे लागू आहे. १९९० पासून बौद्ध धर्मीय अनुसूचित जातीतच धरले जातात. फिर्यादीसाठी जातीचा दाखला लागत नाही, तो तपासात मागाहून देता येतो. चौकशी करून मग गुन्हा नोंदवू, असेही म्हणता येत नाही. मार्च २०१८ च्या निकालाने ती पळवाट दिली होती. २ एप्रिलच्या भारत बंदनंतर संसदेने कलम १८-अ घालून ती बुजवली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवले. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, साठ दिवसांत दोषारोपपत्र. बलात्काराला पाच लाख, सामूहिक बलात्काराला सव्वाआठ लाख अर्थसाहाय्य. त्यातले निम्मे वैद्यकीय अहवालानंतरच मिळायचे आहे, निकालाची वाट पाहायची नाही. सर्वांत महत्त्वाचे कलम १५-अ. आरोपीने जामीन मागितला तर पीडितेला नोटीस दिलीच पाहिजे आणि तिचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. ते बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी खटल्यात सांगितले. तरी आरोपी गावात मिरवताना दिसतो तेव्हाच पीडितेला कळते की जामीन झाला. अशी नोटीस न देता झालेला जामीन रद्द करून मागता येतो.

एक गोष्ट आपल्याच माणसांना रुचणार नाही, पण लिहिते. आरोपी दुसऱ्या जातीचा असला की आपल्या वस्तीत निळे झेंडे निघतात. आरोपी आपलाच असला, चुलता असला, विहारात पुढे बसणारा असला, की तीच माणसे म्हणतात, "ताई, समाजाची बदनामी नको." माझ्याकडे आलेल्या मुलींपैकी कितीतरी जणींचा अत्याचारी घरातला किंवा शेजारचा होता. त्यांना ॲट्रॉसिटी कायदा लागत नाही, एवढाच फरक. बलात्काराचे कलम पूर्ण लागते. २ ऑक्टोबर २०१३ पासूनच्या मनोधैर्य योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याही अर्ज करू शकतात, विशेष परिस्थितीत दहा लाखांपर्यंत मदत आहे. स्त्रीला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. हे प्राधिकरण प्रत्येक जिल्हा न्यायालयात बसते, दूरध्वनी १५१००. आणि पाच माणसांनी बसून केलेल्या तडजोडीला या गुन्ह्यात कायद्यापुढे काडीची किंमत नाही. तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले आहे.

तर ती माय. आम्ही त्याच दिवशी पुन्हा ठाण्यात गेलो. रात्री साडेनऊला फिर्याद झाली, ॲट्रॉसिटीच्या कलमासह. धुतलेल्या कपड्यांवर प्रयोगशाळेला काही सापडले नाही, सापडणारही नव्हते. मुलीच्या साक्षीशिवाय आमच्या हातात फारसे काही नव्हते. परंतु पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर दुसरा पुरावा मागायचे कारण नाही, ती जखमी साक्षीदाराच्या तोडीची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच, तेही नागपूरच्या एका फौजदाराविरुद्धच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. सरकारी वकिलांना मी तो निकाल काढून दिला. मुलगी दोन दिवस उलटतपासणीत उभी राहिली. ओरडली का नाहीस, हे तिला तेथेही विचारले गेले. तिने तेच सांगितले, पाय हलले नाहीत.

मग माय साक्षीला आली. बचाव पक्षाचे वकील मोठे, नावाजलेले. त्यांनी हसत विचारले, "बाई, कपड्यांवर काही नव्हतंच, म्हणून तुम्ही ते बिनधास्त धुतले, बरोबर?"

माय म्हणाली, "होतं म्हणूनच तर धुतलं न साहेब."

न्यायाधीशांनी ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यायला सांगितले. आरोपीला दोन्ही कायद्यांखाली शिक्षा लागली. त्याचे अपील उच्च न्यायालयात आहे. शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागणारा अर्जही त्याने केला आहे. त्याची नोटीस गेल्या महिन्यात मायच्या घरी आली. पोलीस पाटलाने वाचून दाखवली, आणि ती नोटीस तिने न चुरगाळता, त्याच कापडी पिशवीत घालून माझ्याकडे आणली.